चित्राच्या नावात स्क्रीनचा आकार नको

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्यातल्या एका लहान टीमचं ॲप आहे, फेरीबोटींच्या आणि कदंब बसगाड्यांच्या वेळा दाखवणारं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारं. डिझायनर एकेका आयकॉनच्या चार-पाच फायली पाठवतो. त्यांची नावं फेरी_स्मॉल, फेरी_बिग, फेरी_७२०, फेरी_१०८०_न्यू, फेरी-फायनल अशी. कोड फोनची रुंदी पिक्सेलमध्ये मोजतो आणि यातली एक फाईल उचलतो. आता तक्रारी तीन आहेत. काही फोनवर आयकॉन अंधुक दिसतात. काही महागड्या फोनवर पहिलीच स्क्रीन उघडताना ॲप बंद पडतं. आणि एक आयकॉन मॅकवरच्या सिम्युलेटरमध्ये दिसतो, खऱ्या आयफोनवर मात्र नाही. नावं कशी द्यावीत म्हणजे हे थांबेल?

तिन्ही तक्रारींचं मूळ नावांतच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फायलींची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. प्रकल्पात ती इंग्रजी लहान लिपीतच टाइप करायची.

आधी मुख्य गोष्ट. फाईलच्या नावाने फक्त एवढंच सांगायचं की हे चित्र कशाचं आहे. ते कुठल्या स्क्रीनसाठी आहे हे सांगायला अँड्रॉइडने, ॲपलने, फ्लटरने (एकाच कोडमधून दोन्ही फोनची ॲप बनवायचं साधन), प्रत्येकाने आपापली राखीव जागा ठेवली आहे: कुठे फोल्डरचं नाव, कुठे नावाच्या शेवटी लागणारं चिन्ह. ती जागा वापरली की योग्य फाईल निवडण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टम स्वतः करते आणि कोडमध्ये एकच नाव राहतं. तुम्ही ते काम सिस्टमकडून काढून स्वतःच्या कोडवर घेतलं आहे, आणि रुंदी मोजून ते नीट करता येत नाही.

का करता येत नाही, हे एका हिशोबात दिसेल. साडेसहा इंच कर्णाचे दोन फोन घ्या, एक ७२० बाय १६०० पिक्सेलचा आणि दुसरा १०८० बाय २४०० चा. पहिल्यात इंचाला साधारण २७० पिक्सेल बसतात, दुसऱ्यात साधारण ४०५. हातात दोन्ही फोन सारखेच मोठे. आता १०८० पिक्सेल रुंदीचा एखादा दहा इंची टॅब्लेट घ्या. रुंदी दुसऱ्या फोनइतकीच, पण इंचाला पिक्सेल कितीतरी कमी. तुमचा कोड फोनला आणि टॅब्लेटला एकच फाईल देतो, खरं तर त्यांना वेगवेगळ्या फायली हव्यात. महत्त्वाची आहे ती घनता, एका इंचात किती पिक्सेल ती. एकूण पिक्सेल किती, याचा आयकॉनच्या निवडीशी संबंध नाही.

त्यातही अँड्रॉइड जी घनता धरून चालतो ती पट्टीने मोजलेली नसते, फोन बनवणाऱ्याने ठरवून दिलेली असते. शिवाय अँड्रॉइड ७ पासून सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले साइझ’ मोठी-लहान करता येते. तुमच्या ॲपच्या वापरकर्त्यांत चष्मा शोधत धक्क्यावर उभे असलेले आजी-आजोबा नक्की असणार, आणि त्यांच्या घरच्या कुणीतरी ती साइझ वाढवून दिलेली असणार. त्याच फोनची, त्याच स्क्रीनची घनता त्या क्षणी बदलते. ‘७२०’ असं नाव दिलेल्या फाईलला या बदलाचा पत्ताच लागत नाही.

म्हणून अँड्रॉइडवर मोजमाप डीपी या एककात होतं. इंचाला १६० पिक्सेल असलेल्या स्क्रीनवर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. या पातळीला एमडीपीआय म्हणतात. तिथून पुढे एचडीपीआय म्हणजे २४० आणि दीडपट, एक्सएचडीपीआय म्हणजे ३२० आणि दुप्पट, एक्सएक्सएचडीपीआय म्हणजे ४८० आणि तिप्पट, एक्सएक्सएक्सएचडीपीआय म्हणजे ६४० आणि चौपट. खाली १२० चा एलडीपीआयही आहे, पण तसे फोन आता कुणी वापरत नाही. त्यासाठी फायली बनवू नका. २४ डीपीचा आयकॉन असेल तर पाच पातळ्यांना २४, ३६, ४८, ७२ आणि ९६ पिक्सेलच्या फायली लागतात. पाचही फायलींचं नाव तंतोतंत एकच, समजा आयसी_फेरी.पीएनजी. फरक फक्त फोल्डरचा (ड्रॉएबल म्हणजे अँड्रॉइड प्रकल्पात चित्रं ठेवायची जागा): ड्रॉएबल-एमडीपीआय, ड्रॉएबल-एचडीपीआय, ड्रॉएबल-एक्सएचडीपीआय असे पुढे. कोडमध्ये फक्त आयसी_फेरी.

मधल्या घनतेच्या फोनची चिंता करू नका. कितीतरी फोन ४२० चे असतात, त्यांच्यासाठी वेगळं फोल्डर नाही. सिस्टम वरच्या पातळीची, म्हणजे ४८० ची फाईल उचलते आणि जराशी आक्रसून दाखवते. मोठं चित्र लहान केलं तर डोळ्याला खटकत नाही, लहान चित्र ताणलं की लगेच दिसतं. तुमच्या अंधुक आयकॉनचं कारण हेच आहे: ‘स्मॉल’ फाईल दाट स्क्रीनवर ताणली जाते आहे.

आता ॲप बंद पडण्याकडे वळते. या गोष्टीवर लोकांचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून इथे थोडं थांबू. माझा अंदाज असा की तुमचं पहिल्या स्क्रीनवरचं पार्श्वभूमीचं चित्र, बहुधा मांडवीचा मोठा फोटो, नुसत्या ड्रॉएबल नावाच्या फोल्डरात पडलेलं आहे. ते फोल्डर बिनशेपटीचं दिसतं म्हणून लोकांना वाटतं की ते सगळ्या स्क्रीनसाठी आहे. अँड्रॉइड मात्र त्याचा अर्थ एमडीपीआय असा घेतो. तुम्ही १०८० बाय १९२० चं चित्र तिथे ठेवलं, की अँड्रॉइड समजतो हे चित्र १०८० बाय १९२० डीपीचं आहे. मग तिप्पट घनतेच्या फोनवर तो ते इमानाने तिप्पट करतो: ३२४० बाय ५७६० पिक्सेल. मेमरीत एका पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणजे एका चित्रापायी सुमारे ७१ एमबी. चौपट घनतेच्या महागड्या फोनवर तेच चित्र ४३२० बाय ७६८० होतं आणि १२६ एमबी मागतं. नव्या अँड्रॉइडमध्ये पडद्यावर काढायच्या एका चित्राला मर्यादा आहे, बऱ्याच फोनवर १०० एमबीची; ती ओलांडली की ॲप तिथेच कोसळतं. स्वस्त फोनवर ठीक आणि महाग फोनवर बंद, असं उफराटं चित्र दिसण्याचं हे कारण.

हीच फाईल, एक पिक्सेलही न बदलता, ड्रॉएबल-एक्सएक्सएचडीपीआय या फोल्डरात हलवा. तिप्पट घनतेच्या फोनवर ती आहे तशी उघडेल आणि आठ एमबीच्या आत राहील. कमी घनतेच्या फोनवर आणखी लहान होऊन उघडेल. मोठ्या फोटोंच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे की पाच प्रती करूच नयेत. एकच प्रत एक्सएक्सएचडीपीआयमध्ये ठेवावी. आणि ज्या चित्राला सिस्टमने अजिबात हात लावू नये असं वाटतं, त्यासाठी ड्रॉएबल-नोडीपीआय हे फोल्डर आहे. पाहा, फाईलचं नाव बदललं नाही, तिची जागा बदलली आणि दोष गेला.

अँड्रॉइडचे नावांचे नियम कडक आहेत आणि ते कडक आहेत हे बरंच आहे. इंग्रजी लहान अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर, याखेरीज काही चालत नाही. कॅपिटल अक्षर नाही, मधली आडवी रेघ नाही, मोकळी जागा नाही, देवनागरी नाही. सुरुवात अक्षराने, अंकाने नाही. कारण प्रत्येक फाईलचं नाव कोडमधलं एक नाव बनतं. त्यामुळेच जावा भाषेचे राखीव शब्दही चालत नाहीत: स्विच.पीएनजी किंवा न्यू.पीएनजी अशी फाईल ठेवली तर बिल्डच, म्हणजे कोडमधून ॲप तयार होणंच, होत नाही. तुमची फेरी-फायनल मधल्या रेघेमुळे अडणारच होती. पॉइंट-नाइन-पीएनजी हा शेवट ताणता येणाऱ्या चित्रांसाठी राखीव आहे, म्हणून आवृत्तीचा क्रमांक म्हणून ‘.९’ कधी लावू नका.

आणखी एक बंधन असं की ड्रॉएबलच्या आत उपफोल्डर चालत नाहीत. दोन-तीनशे फायली एकाच सपाट यादीत राहतात. म्हणून नावाच्या सुरुवातीला प्रकार सांगणारं अक्षर-जोड लावायची पद्धत पडली: आयकॉनला आयसी, पार्श्वभूमीला बीजी, इतर चित्रांना आयएमजी. यादी अक्षरक्रमाने लागते तेव्हा सारख्या जातीच्या फायली एकत्र येतात. ही नुसती आवड नाही, सपाट फोल्डरात शोधायचा तेवढाच एक मार्ग आहे.

आयफोनकडे येऊ. तिथे पॉइंट हे एकक. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा साडेतीन इंचांची स्क्रीन तेवढीच राहिली, पण पिक्सेल ३२० बाय ४८० चे ६४० बाय ९६० झाले. जुनी ॲप मोडू नयेत म्हणून ॲपलने नावाच्या शेवटी @२एक्स लावायची सोय दिली. २०१४ मध्ये आयफोन ६ प्लसबरोबर @३एक्स आलं. म्हणजे फेरी.पीएनजी, फेरी@२एक्स.पीएनजी, फेरी@३एक्स.पीएनजी, कोडमध्ये फक्त फेरी. फक्त आयपॅडसाठी वेगळं चित्र हवं असेल तर त्याच्या शेवटी लाटचिन्ह आणि आयपॅड: फेरी@२एक्स~आयपॅड. क्रम हाच, उलटा चालत नाही. एकपट फाईल आता लागत नाही. आयओएस १० ने आयपॅड २ आणि पहिला आयपॅड मिनी सोडून दिले, आणि तेच एकपट स्क्रीनचे शेवटचे होते.

तुमचा गायब झालेला आयकॉन पाहू. मॅकची डिस्क सहसा कॅपिटल आणि लहान लिपीत फरक करत नाही. आयफोनची फाईलव्यवस्था करते. कोडमध्ये ‘फेरी’ लहान एफने आणि फाईल मोठ्या एफने, किंवा @२एक्समधला एक्स मोठा, असं असेल तर सिम्युलेटर मॅकच्या डिस्कवरून फाईल शोधून देतो आणि फोन देत नाही. त्रुटीचा संदेशही ठळक येत नाही, जागा रिकामी राहते. यावर उपाय एकच, कॅपिटल अक्षर कुठेही वापरायचं नाही, आयफोनच्या फायलींतही नाही. अँड्रॉइड जी शिस्त सक्तीने लावतो ती आयओएसवर आपणहून पाळायची. दोन्हीकडे नाव एकच ठेवल्याचा मोठा फायदा म्हणजे ‘आयसी_फेरी बदला’ एवढं सांगितलं की दोन्ही बाजूंच्या माणसांना एकच गोष्ट कळते.

नाव दुरुस्त करताना गिटकडेही, म्हणजे फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाकडेही, लक्ष द्या. मॅक किंवा विंडोजवर फक्त मोठ्या अक्षराचं लहान केलं तर गिटला तो बदल बहुधा दिसत नाही. तुमच्या मशीनवर दुरुस्त दिसतं आणि बाकीच्यांकडे जुनंच नाव राहतं. गिट एमव्ही या आज्ञेने आधी तात्पुरतं तिसरंच नाव द्या, मग हवं ते.

आयफोनवर सुट्या फायलींऐवजी असेट कॅटलॉग, म्हणजे ॲपची चित्रं एकत्र ठेवायचा संच, वापरा. तो २०१३ पासून, एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) ५ बरोबर आलेला आहे. तिथे कोडला दिसतं ते इमेजसेटचं, म्हणजे एका चित्राच्या सगळ्या पटींच्या गटाचं, नाव; आतल्या फायलींची नावं काहीही असली तरी कुठली फाईल कितीपट ते आतल्या माहितीफाईलमध्ये नोंदलेलं असतं. कॅटलॉगचा दुसरा लाभ वापरकर्त्याला होतो. आयओएस ९ पासून ॲप स्टोअर प्रत्येक फोनला त्याच्या पटीचीच चित्रं पाठवतं. अँड्रॉइडवर तेच काम ॲप बंडल (प्ले स्टोअरला ॲप द्यायचा प्रकार) करतं, फोनला फक्त त्याच्या घनतेची फोल्डरं जातात. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावात नेटवर्क मिळेल तसं डाउनलोड करणाऱ्याला याचा फरक नक्की पडतो. पण ‘फेरी_स्मॉल’ आणि ‘फेरी_बिग’ ही सिस्टमच्या नजरेत दोन स्वतंत्र चित्रं आहेत, म्हणून आज तुमची सगळी चित्रं सगळ्यांना जात आहेत.

एक्सकोड १५ पासून कॅटलॉगमधल्या प्रत्येक चित्रासाठी कोडमध्ये आपोआप एक नाव तयार होतं. अवतरणचिन्हांत नाव टाइप करण्यापेक्षा ते वापरा. चूक झाली तर बिल्डच्या वेळीच कळते, फोनवर रिकामी जागा पाहून नाही. अँड्रॉइडवरही तोच विचार लावा. तुमच्यासारख्या ॲपमध्ये ‘आयसी_मार्ग_’ या तुकड्याला मार्गाचा क्रमांक जोडून चालत्या ॲपमध्ये नाव बनवायचा मोह होतो. मी तो टाळायला सांगते. नाव बदललं तर कंपायलरला (कोड तपासून ॲप बनवणाऱ्या साधनाला) कळत नाही, आणि न वापरलेली चित्रं छाटणाऱ्या साधनालाही कधी कधी ती फाईल वापरात आहे हे कळत नाही. मार्ग आणि चित्र यांची जोडी कोडमध्ये उघड लिहा, दहा-वीस ओळी जास्त झाल्या तरी.

फ्लटरमध्ये पटीची फोल्डरं असतात. असेट्स/आयकॉन्स/आयसी_फेरी.पीएनजी ही एकपट फाईल, तिच्याच शेजारी २.०एक्स आणि ३.०एक्स नावाची फोल्डरं, आत तेच नाव. पबस्पेकमध्ये (फ्लटर प्रकल्पाच्या यादीफाईलमध्ये) मूळ फाईलच लिहायची. मूळ जागी तिप्पट फाईल एकटी ठेवली तर फ्लटर तिला एकपट समजतो आणि रुंदी सांगितली नसेल तर आयकॉन तिप्पट मोठा दिसतो. फ्लटरसारखंच दुसरं साधन रिॲक्ट नेटिव्ह. तो ॲपलसारखं @२एक्स, @३एक्स मानतो आणि अँड्रॉइडचं पॅकेज बनवताना स्वतःच फायली ड्रॉएबल फोल्डरांत टाकतो. तसं करताना तो सगळं लहान लिपीत आणतो आणि आडवी रेघ गाळतो. एकाच फोल्डरात बस-स्टॉप आणि बसस्टॉप अशा दोन फायली असतील तर त्या एकाच नावावर येऊन आदळतात. तिथेही अंडरस्कोरच वापरा.

आता नाव नेमकं कसं घडवायचं. मी हा क्रम पाळते: आधी प्रकार, मग चित्रातली वस्तू, मग गरज असेल तर अवस्था. आयसी_घंटा_चालू, आयसी_घंटा_बंद. आयकॉनला नाव वस्तूवरून द्यावं की कामावरून, यावर मतं दोन आहेत. घंटेच्या आयकॉनला ‘सूचना’ म्हणावं असं काहींना वाटतं. मी वस्तूच्या बाजूने आहे. आज घंटा सूचनेसाठी आहे, उद्या फेरी सुटायची आठवण म्हणूनही तीच लागेल, आणि मग ‘सूचना’ या नावाची दुसरी प्रत करून ठेवली जाते. पार्श्वभूमीच्या चित्रांचं मात्र उलट. ती एकाच जागी वापरली जातात आणि वर्षाकाठी बदलतात, म्हणून बीजी_मुख्यपान. बीजी_मांडवी असं नाव ठेवलंत तर उद्या तिथे झुआरीचा फोटो आल्यावर नाव खोटं पडेल.

रंग नावात घालू नका, तो डिझाइनबरोबर बदलतो. एकरंगी आयकॉन असेल तर रंग कोडमधूनच द्या. फायनल, न्यू, तारीख, डिझायनरचं नाव, हे काही नको, तो इतिहास गिट ठेवतं. भाषा आणि रात्रीचा रंगसंच यांनाही अँड्रॉइडवर राखीव जागा आहे. गोव्याच्या ॲपला कोकणी, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषा लागतात. चित्रात अक्षरं घालायचं मुळात टाळाच, पण मार्गाचा नकाशा चित्ररूपात असेल तर टाळता येत नाही. तेव्हा मराठीसाठी ड्रॉएबल-एमआर-एक्सएक्सएचडीपीआय. कोकणीला दोन अक्षरी कोड नाही, तीन अक्षरी केओके आहे, म्हणून बी, अधिकचिन्ह आणि केओके असं लिहायचं: ड्रॉएबल-बी+केओके-एक्सएक्सएचडीपीआय. शेपट्या अनेक असतील तर त्यांचा क्रम ठरलेला आहे. भाषा आधी, मग रात्र, मग घनता: ड्रॉएबल-एमआर-नाइट-एक्सएक्सएचडीपीआय. क्रम चुकला तर फोल्डर ग्राह्य धरलं जात नाही. कोणतीच शेपटी जुळली नाही तर पडायला एक मूलभूत चित्र असलंच पाहिजे, नाहीतर तिसऱ्याच भाषेच्या फोनवर ॲप कोसळेल.

गोव्यात एक अडचण जास्तीची आहे आणि तुमच्या ॲपला ती रोज भेडसावेल: गावांची स्पेलिंग. चोडण इंग्रजीत चोराव असंही लिहिलं जातं, डिचोली बिचोलिम, साखळी सांकेलिम, केपे क्वेपेम, पेडणे पेर्णेम. दिवाडीचं दिवार. टीममधला एक उच्चाराप्रमाणे लिहितो, दुसरा फलकाप्रमाणे, आणि एकाच धक्क्याची दोन चित्रं होतात. कुठलं रूप बरोबर हा वाद फायलींच्या नावांत आणू नका. थांब्यांच्या तक्त्यात त्या जागेची जी किल्ली, म्हणजे ओळखीचं ठरलेलं नाव, आहे तीच अक्षरशः नावात घ्या: आयएमजी_धक्का_ आणि पुढे ती किल्ली. वापरकर्त्याला दिसणारं नाव वेगळ्या जागी, त्याच्या भाषेत, हवं तसं सुंदर लिहा. आणि पोर्तुगीज वळणाच्या नावातलं स्वरावरचं नासिक्य-चिन्ह फाईलच्या नावात अजिबात नको. चिन्हासकट स्वर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो, एक अक्षर म्हणून किंवा स्वर अधिक चिन्ह म्हणून. डोळ्याला दोन्ही नावं एकच दिसतात, संगणकाला ती वेगळी. अँड्रॉइड असं नाव नाकारतो, पण आयओएस आणि फ्लटर स्वीकारतात, आणि मग मॅकवरून लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर गेल्यावर फाईल सापडत नाही.

आता अपवाद, आणि तो महत्त्वाचा आहे. सर्व्हरवरून येणाऱ्या फोटोंच्या नावात रुंदी जरूर घाला. धक्क्यांचे, बसस्थानकांचे फोटो ॲपमध्ये न भरता सर्व्हरवरून आणत असाल तर तिथे निवड करायला सिस्टम नाही. फोनला किती पिक्सेल हवेत ते ॲप मोजतं आणि तेवढ्या रुंदीची फाईल मागतं. धक्का_बेती_७२० हे नाव तिथे बरोबर आहे, कारण तो आकडा फाईलची स्वतःची रुंदी सांगतो, फोनची नाही. तिथे दुसरी काळजी जुन्या प्रतीची: फोटो बदलला आणि नाव तेच राहिलं तर फोन साठवलेला जुनाच फोटो दाखवत राहतो. म्हणून बदलाबरोबर नावातला आवृत्तीचा अंक बदला. ॲपच्या आत जे वर्ज्य सांगितलं तेच इथे हवं आहे. निवड कोण करतं त्यावर ते अवलंबून आहे.

ॲपच्या स्वतःच्या आयकॉनची जागा मिपमॅप फोल्डरांत, ड्रॉएबलमध्ये नाही. होम स्क्रीन कधी कधी फोनच्या घनतेहून वरच्या पातळीचा आयकॉन मागते, आणि मिपमॅपमधल्या प्रती छाटल्या जात नाहीत. माप ४८ डीपी, म्हणजे ४८, ७२, ९६, १४४, १९२ पिक्सेल. अँड्रॉइड ८ पासूनचा दोन थरांचा आयकॉन १०८ डीपीचा असतो आणि मधल्या ६६ डीपीच्या वर्तुळाबाहेरचं काही कापलं जाऊ शकतं, तेव्हा फेरीचा नांगर किंवा नाव कडेला नेऊ नका. तो मिपमॅप-एनीडीपीआय-व्ही२६ मध्ये जातो.

साधे आयकॉन व्हेक्टर करा, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या वर्णनाने साठवा, की पटीचा प्रश्नच उरत नाही. अँड्रॉइडवर व्हेक्टर ड्रॉएबल ५.० पासून आहे, ते नुसत्या ड्रॉएबल फोल्डरात ठेवलं तरी चालतं. आयओएसवर कॅटलॉगमध्ये पीडीएफ चालतं आणि एक्सकोड १२ पासून, आयओएस १३ च्या पुढे, एसव्हीजीही. पण फेरीचं बारीक छटांचं चित्र व्हेक्टर करायच्या फंदात पडू नका. २०० बाय २०० डीपीच्या वर व्हेक्टर काढायला फोनला वेळ लागतो, अशी चित्रं वेबपी या फाईलप्रकारात ठेवा.

डिझायनरशी बोलताना त्याला दोष देऊ नका. त्याला कुणी मोजमाप दिलेलं नाही. त्याने सगळं एकपटीत, २४ बाय २४ सारख्या चौकटीत काढायचं आणि फिग्मा या डिझाइनच्या साधनातून पटीने निर्यात करायचं. बाजू सम संख्येची ठेवा: २४ ची दीडपट ३६ होते, २५ ची साडेसदतीस, आणि अर्धा पिक्सेल म्हणजे कड धूसर. फिग्मातल्या फ्रेमचं नाव सुरुवातीपासूनच आयसी_फेरी असं ठेवलं तर निर्यातीनंतर नाव बदलायची वेळच येत नाही. फ्रेमच्या नावात तिरकी रेघ घातली तर निर्यातीत फोल्डर बनतं, ते फ्लटरला सोयीचं, अँड्रॉइडला नाही.

जुन्या फायलींची नावं बदलताना एकाच दिवशी सगळं करू नका, आणि नावबदलाच्या कमिटमध्ये (गिटमधल्या एका नोंदीत) दुसरा कुठलाच बदल मिसळू नका. आधी पार्श्वभूमीचा फोटो योग्य फोल्डरात हलवा, त्याने ॲप बंद पडणं थांबेल. मग कॅपिटल अक्षरं काढा. शेवटी ‘स्मॉल’ आणि ‘बिग’च्या जोड्या एकेक करून एका नावाखाली आणा आणि रुंदी मोजणारा कोड काढून टाका. अँड्रॉइड स्टुडिओत नाव बदलायला रिफॅक्टर वापरा, ते सगळ्या घनतांच्या फोल्डरांत आणि कोडमध्ये एकदम बदलतं. त्यानंतर लिंट, म्हणजे चुका शोधणारं तपासणी-साधन, चालवा. एकाच आयकॉनच्या प्रती डीपीमध्ये एकमेकींशी जुळत नसतील तर ते तसं सांगतं, आणि तुमच्या ७२० आणि १०८० च्या फायलींत अशा विजोड जोड्या नक्की निघतील. त्या डिझायनरकडून नव्याने मागा, स्वतः ताणून बसवू नका. प्रत्येक टप्प्यानंतर एका स्वस्त ७२० च्या फोनवर, एका चौपट घनतेच्या फोनवर आणि एका खऱ्या आयफोनवर ॲप उघडून पाहा, आणि अँड्रॉइड फोनवर ‘डिस्प्ले साइझ’ सर्वांत मोठी करून पुन्हा एकदा.